नाकात अडकलेला भुसा

फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम निघालं की दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत तक्रार सुरू होते, ती आवाजाची. मग वेळा ठरतात. दुपारी कटर बंद, रविवारी काम बंद. भुसा जिन्यात आणि शेजाऱ्यांच्या घरात जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं, दाराच्या फटीला ओलं फडकं लावायचं, वारा असेल त्या बाजूची खिडकीही बंद करायची. हे सगळं सौजन्यानेच केलेलं असतं. पण त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत करवत, राउटर (कडा आणि खाचा कोरणारं यंत्र), सँडर (पॉलिश पेपरने घासणारं यंत्र) आणि दोन-तीन माणसं कोंडली जातात, आणि तक्रार करायला हवी ती गोष्ट त्यांच्याच नाकात जाऊन बसते. सुतार ती तक्रार करत नाहीत. लाकडाचा भुसा म्हणजे स्वच्छ कचरा, असं त्यांना आणि आपल्यालाही मनापासून वाटत आलं आहे. सांधे भरायला तोच भुसा फेविकॉलमध्ये कालवतात. त्यात घाण वाटण्यासारखं काही नसतंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये पहिल्या गटात घातलं. हा माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा गट. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू याच गटात आहेत. इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. पुरावा किती पक्का आहे ते हा गट सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रंधा मारणं हे सिगारेट ओढण्याइतकंच घातक, असा त्याचा अर्थ होत नाही. पण भुशाने कर्करोग होतो का, या प्रश्नावर आता वाद उरलेला नाही.

हे कळलं कसं, ती हकीकत मला या विषयातली सर्वात शिकण्यासारखी वाटते.

इंग्लंडमध्ये लंडनच्या वायव्येला हाय वायकम नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं, आणि त्यामुळे गावात पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्यांचे कारखाने. तिथल्या फुटबॉल संघाला आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. या गावात एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या सर्जन होत्या. नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग हा एरवी फार दुर्मीळ, लाखात वर्षाला एखादा. हॅडफील्डबाईंकडे मात्र तो पुन्हा पुन्हा येत होता, आणि येणारी माणसं फर्निचरच्या कारखान्यांतली होती. ऑक्सफर्डचे नाकाचे सर्जन रोनाल्ड मॅकबेथ आणि साथरोगशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅचेसन यांच्यासोबत त्यांनी त्या भागातले १९५६ ते १९६५ या दहा वर्षांतले रुग्ण शोधून काढले आणि प्रत्येकाने आयुष्यभर काय काम केलं ते तपासलं. १९६८ मध्ये निष्कर्ष छापून आले. फर्निचरच्या धंद्यातल्या लाकूडकाम करणाऱ्यांत या कर्करोगाचा एक विशिष्ट प्रकार, अ‍ॅडेनोकार्सिनोमा, दर वर्षी दर दहा हजारांमागे सुमारे सात जणांना होत होता. लाखात एखादा दिसणारा रोग त्या कामगारांत जवळपास फुप्फुसाच्या कर्करोगाइतका नेहमीचा झाला होता. त्यातही तो प्रामुख्याने मशिनवर कापणाऱ्या, खुर्च्या-कपाटं घडवणाऱ्या, धुळीत उभ्या असणाऱ्या लोकांत होता. संशय वार्निशकडून धुळीकडे वळला तो यामुळे. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, ब्रिटनने हा रोग नुकसानभरपाईच्या यादीत घेतला. याच मंडळींना नंतर नॉर्दम्प्टनशरच्या बूट बनवणाऱ्यांतही नाकाचा कर्करोग सापडला. तिथे धूळ चामड्याची होती.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे दुर्मीळ रोग लगेच उठून दिसतो. हाच भुसा फुप्फुसाचा कर्करोग वाढवत असता, तर तो विडी-सिगारेटच्या गर्दीत कुणाच्या लक्षातही आला नसता. कामाच्या जागी होणारे बहुतेक कर्करोग असेच लपलेले असतात. त्यांना वेगळा चेहरा नसतो. आपल्याला माहीत असलेली यादी ही धोक्यांची पूर्ण यादी समजायची नाही. त्यात फक्त सहज दिसू शकलेले धोके आहेत. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. ‘तुम्ही काय काम करता?’ हे विचारलं गेलं म्हणून ही साखळी जुळली. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. त्यात ‘मजूर’, ‘नोकरी’ किंवा ‘निवृत्त’ लिहिलेलं असतं. मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी आहे, बार्शीला १९८७ पासून ग्रामीण नोंदणी आहे. ही दोन्ही कामं मोलाची आहेत. पण ‘निवृत्त’ या शब्दातून सागवान आणि सँडर बाहेर काढणं कुठल्याही नोंदणीला जमणार नाही.

आता धुळीकडे वळू. दगड-वाळूतल्या सिलिकासारख्या धुळीत खरा धोका असतो तो चार-पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फुप्फुसात खोल उतरणाऱ्या कणांचा. लाकडाचं तसं नाही. लाकडाच्या धुळीतले बरेचसे कण जाड असतात आणि ते नाकातच अडकतात. नाक आपलं काम चोख करतं, आणि त्याची किंमतही तेच मोजतं. आतल्या त्वचेवर चिकट द्रवाचा थर असतो, आणि केसांसारखे बारीक तंतू तो थर घशाकडे ढकलत राहतात. फर्निचर कामगारांत ही ढकलगाडी मंदावलेली आढळली आहे. म्हणजे धूळ बसते आणि बराच वेळ तिथेच राहते. गाठ बहुधा नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधल्या चाळणीसारख्या हाडाच्या पोकळीत होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी चक्क मोठ्या आतड्याच्या कर्करोगासारख्या दिसतात. नेमकं लाकडातलं काय हे घडवतं, टॅनिनसारखी द्रव्यं की वर्षानुवर्षांची नुसती जळजळ, याचा निकाल लागलेला नाही. प्रतिबंधाला तो निकाल लागतही नाही. धूळ कमी केली की धोका कमी होतो.

सर्वात भक्कम पुरावा बीच आणि ओकसारख्या ‘हार्डवुड’चा आहे. हा शब्द फसवा आहे. त्याचा संबंध लाकूड कठीण की मऊ याच्याशी नसून झाडाच्या जातीशी आहे. रुंद पानांची झाडं हार्डवुड, सुया-शंकूंची झाडं सॉफ्टवुड. म्हणजे सागवान, शिसवी, आंबा, बाभूळ, निलगिरी सगळी हार्डवुड, आणि देवदार व पाइन सॉफ्टवुड. एमडीएफ या तयार फळीमध्ये लाकडाचा लगदा आणि युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंक असतो. फॉर्मल्डिहाइड स्वतः पहिल्या गटातलं आहे. पण एमडीएफवर काम करताना मोठी अडचण बहुधा वायूची नसते. अडचण असते ती पिठासारख्या बारीक धुळीची. राउटरचं पातं बोथट झालं की ते कापायचं सोडून घासायला लागतं, कडा काळी पडते, धूळ आणखी बारीक होते. पातं वेळेवर बदलणं हा धूळ कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि त्याने कामही चांगलं होतं.

धूळ मोजायची कशी? डोळ्यांनी नाही. डोळ्यांना दिसतो तो जमिनीवरचा ढीग, नाकात जाते ती हवेतली धूळ. त्यासाठी कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप लावतात आणि नळीने तो कॉलरजवळच्या नमुनादाणीला जोडतात. ही दाणी नाका-तोंडापासून तीस सेंटिमीटरच्या आत हवी. आत पंचवीस मिलिमीटरचा काचतंतूंचा फिल्टर असतो आणि पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो. आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे ०.९६ घनमीटर हवा गाळली जाते. फिल्टरचं वजन २.८८ मिलिग्रॅमने वाढलं, तर हवेत घनमीटरला तीन मिलिग्रॅम धूळ होती. ब्रिटनची हार्डवुडसाठीची मर्यादा बरोबर इतकीच आहे. युरोपीय संघाने ती २०२३ पासून दोनवर आणली. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना बहुतेक लाकडांसाठी एकच मिलिग्रॅम सुचवते.

एवढ्या छोट्या आकड्यांवर निर्णय असतो म्हणून चुकाही छोट्याच असतात आणि सगळं बिघडवतात. फिल्टर पावसाळी हवेत ओलावा धरतो. त्यामुळे तो वजनाच्या खोलीत रात्रभर ठेवूनच, आधी आणि नंतर, त्याच तराजूवर तोलायचा, आणि सोबत हवा न ओढलेले कोरे फिल्टरही तोलायचे. पंपाचा प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी तपासायचा. फरक पाच टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर तो नमुना बाद करायचा. दाणीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली धूळही हिशेबात घ्यायची असते, म्हणून फिल्टर एकटा न तोलता कॅसेटसकट, म्हणजे तो धरणाऱ्या डबीसकट, तोलतात. करवतीने उडवलेली एक ढलपी, मोहरीच्या दाण्याहून लहान, एक मिलिग्रॅमची, दाणीत शिरली की निकाल एकतृतीयांशाने फुगतो. नळी काखेत दुमडली की तो घसरतो. पण सर्वात मोठी चूक तांत्रिक नसतेच. मोजणारे येणार म्हणून त्या दिवशी जुळणीचं काम काढायचं आणि सँडिंग दुसऱ्या दिवसावर ढकलायचं, ही ती चूक. एका दिवसाच्या एका नमुन्यावर ‘सर्व ठीक’ लिहिणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांवर, आणि कोण त्या वेळी काय करत होतं ते मिनिटांसह लिहिलेलं हवं.

ती मिनिटं का हवीत, हे एका हिशेबातून कळेल. दिवसात दोन तास सँडिंग केलं आणि तेव्हा हवेत बारा मिलिग्रॅम धूळ होती. उरलेले सहा तास एक मिलिग्रॅम. आठ तासांची सरासरी येते ३.७५, म्हणजे मर्यादेबाहेर. आता सहा तासांचं काम संपूर्ण धूळमुक्त केलं तरी सरासरी तीनवरच अडते. सँडिंगची धूळ मात्र निम्मी केली तर २.२५ होते. पैसे आणि डोकं कुठे लावायचं ते दोन तासच सांगतात.

पंप परवडत नसेल त्यांच्यासाठी एक जुना, उत्तम उपाय आहे. खोलीत थोडा अंधार करायचा, कामगाराच्या पलीकडे एक तीव्र, सरळ झोताचा दिवा लावायचा आणि समोरून दिव्याच्या दिशेने पाहायचं. दिवा स्वतः डोळ्यांत येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरायचा. कवडशात धुळीचे कण नाचताना दिसतात, तसाच हा प्रकार. यातून आकडा मिळत नाही, पण धूळ कुठून निघते, कुठे वळते आणि शोषणाच्या तोंडातून कशी निसटते ते लख्ख दिसतं. टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर, हे पाहिलं की कळतं, की खालून जोडलेला पाइप खालचाच भुसा नेतो आणि पात्याचे दाते वरची बारीक धूळ थेट माणसाच्या छातीकडे फेकतात. पात्याच्या वरच्या गार्डलाही शोषण लागतं ते यासाठी.

शोषणयंत्रणेत लोक पैसे घालतात आणि तरी ती चालत नाही. मोकळ्या पाइपचं तोंड दुरून काही ओढत नाही. तोंडाच्या एका व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग जवळपास एक दशांश उरतो. शंभर मिलिमीटरचा पाइप पात्यापासून वीतभर लांब टांगला तर तो तिथे नसल्यातच जमा. धूळ जिथे जन्मते तिथेच तिला धरावं लागतं. मग पाइपमधला वेग. भुसा वाहता ठेवायला सेकंदाला वीस मीटर वेग हवा. शंभर मिलिमीटरच्या पाइपला त्यासाठी तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा लागते. ‘जास्त ओढ मिळेल’ म्हणून त्याच पंख्याला दीडशेचा पाइप लावला, की वेग नऊ मीटरवर येतो, ढलप्या वळणावर बसतात आणि महिन्याभरात पाइप तुंबतो. दीडशेच्या पाइपला साधारण १२७० घनमीटर देणारा पंखा हवा. लांबच लांब सुरकुत्यांचा लवचीक पाइप आणि चार मशिनची झडपं एकाच वेळी उघडी ठेवणं, यानेही वेग असाच मरतो. घरगुती व्हॅक्यूममध्ये खेच असते, पण हवा कमी असते. तो सँडरच्या बारीक नळीला पुरतो, टेबल सॉला नाही.

आणि कापडी पिशवी. स्वस्त धूळसंग्राहकाची विरळ पिशवी ढलप्या अडवते आणि सर्वात बारीक धूळ गाळून खोलीत परत सोडते, तीही डोक्याच्या उंचीवर. जमीन स्वच्छ दिसते आणि हवा आधीपेक्षा वाईट असते. संग्राहक बाहेर बसवणं किंवा दाट फिल्टर लावणं, दोहोंपैकी एक करायलाच हवं. व्हॅक्यूम घेताना ‘एम’ वर्गाचा घ्यावा. तो हजारात एक भागापेक्षा जास्त धूळ निसटू देत नाही.

मास्क शेवटी येतो. आपल्याकडे तो पहिला येतो, आणि तोही रुमाल. रुमाल आणि सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी आहेत, कारण हवा कडेने आत येते. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे एफएफपी२ किंवा एफएफपी३ छापलेला मास्क घ्यावा. नीट बसलेला एफएफपी३ धूळ वीसपट कमी करतो, असं गृहीत धरतात. ‘नीट बसलेला’ यात दाढी बसत नाही. दोन दिवसांची खुंटंही कडेला फट पाडतात. आणि तो सतत हवा. बारा मिलिग्रॅमच्या हवेत दोन तास मास्क लावला तर आत जेमतेम ०.६ जाईल. त्यातला अर्धा तास तो गळ्यात लोंबकळला, फोन आला, चहा आला, तर सरासरी ३.४५ होते. वीसपट संरक्षण साडेतीनपटीवर येतं. उकाड्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत तो गळ्यात येणारच, आणि यात सुतारावर रागावण्यात अर्थ नाही. म्हणून तर मास्क शेवटचा उपाय.

फ्लॅटमधल्या कामाला हे सगळं लागू करायचं तर मी पहिली रक्कम कशावर खर्च करायला सांगेन? कापणं घराबाहेर नेण्यावर. वर्कशॉपमधल्या पॅनल सॉवर, म्हणजे मोठ्या फळ्या कापणाऱ्या करवतीवर, तुकडे कापून, कडा लावून आणले तर खोलीत उरते ती जुळणी. मग जाळीच्या पेपरचा सँडर आणि त्याला जोडलेला एम वर्गाचा व्हॅक्यूम. हाताने पॉलिश पेपर मारणं निरुपद्रवी वाटतं, पण त्यात तोंड लाकडापासून हातभर अंतरावर असतं आणि दोनशेवीस-तीनशेवीस नंबरचा पेपर पीठच काढतो. ब्लोअरने कपडे आणि कोपरे झटकणं पूर्ण बंद. दिवसभर खाली बसलेली धूळ पाच मिनिटांत पुन्हा हवेत जाते. कोरड्या झाडूचंही तेच. आणि संध्याकाळी हे काम टोळीतल्या सर्वात लहान पोराला दिलेलं असतं, ज्याच्या नाकाला पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत.

चाळीस वर्षं हा शब्द मी सैल वापरत नाही. पहिल्या धुळीपासून गाठीपर्यंतचा काळ सरासरी तेवढाच निघाला आहे. त्याआधी दमा येऊ शकतो. सोमवारी कामावर खोकला आणि सुट्टीत आराम, असा नमुना दिसला की डॉक्टरांना कामाबद्दल सांगावं. नाकाच्या बाबतीत एक खूण महत्त्वाची. दोन्ही नाकपुड्या सर्दीने चोंदतात. एकच नाकपुडी आठवड्यांमागून आठवडे बंद, तिच्यातून मधूनमधून रक्त, त्या बाजूच्या डोळ्याला पाणी, वास येईनासा होणं, हे सुतारकाम केलेल्या माणसात दिसलं तर नुसते थेंब घालून थांबू नये. दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी, काम सोडून वीस वर्षं झाली असली तरीही.

महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत सुतारकाम आहे. नोंदणीला वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र लागतं आणि वयाची मर्यादा १८ ते ६०. अठराव्या वर्षी सँडर हातात घेतलेल्या माणसाची चाळीस वर्षं अठ्ठावन्नला भरतात. म्हणजे रोग येण्याचा काळ सुरू होतो तेव्हा त्याची नोंद संपत आलेली असते. त्या प्रमाणपत्रावर दिवस असतात. लाकूड, मशीन, धूळ यांबद्दल काही नसतं. हे बदलेपर्यंत मिस्त्रीने स्वतःच्या वहीत, मजुरीच्या हिशेबाशेजारी, दरसाल एक ओळ लिहावी आणि दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्यावी: ‘२०११ ते २०१६, फ्लॅटची कामं, सागवान आणि एमडीएफ, रोज दोन तास सँडिंग, शोषण नव्हतं, रुमाल.’